धुऱ्यावरचा नारळ

“तुही बायको आन वाकाले. ते आली का मंग आमी बी येतो.”

हे मी गोपीचंदला त्याच्याच धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून तोंडावर म्हटलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. राग आला की मला गिळता येत नाही. माझा नवरा हेमराज म्हणतो की शकुन, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेल. पण ज्यांच्या जिभेला हाड आहे त्यांनी त्या दिवसांत काय केलं तेही सांगते.

दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस पाऊस पडला आणि उभं धान लोळलं. गोपीचंदची तलावाखालची बांधी गावात सगळ्यात मोठी, आणि तिथली माती कन्हार. भिजली की पाय धरून ठेवते, चप्पल मागितली तर देत नाही. एवढ्या चिखलात त्याने कापायचं मशीन उतरवलं. मशीनने उभं होतं तेवढं कापलं आणि लोळलेलं चिखलात चेपून निघून गेलं. मागे साऱ्या बांधीत लोंब्याच लोंब्या. मग गोपीचंदला आम्ही बायका आठवलो, तेही गेल्या वर्षीपेक्षा कमी रोजीने.

“लोंब्याच तं वेचाच्या हायेत, शकुनबाई,” तो म्हणाला. “बसल्या बसल्या होते थे काम.”

“त्या गारा-चिखलात एक घटका बसून दाखव ना भाऊ. उठवाले बैलजोडी लागन तुले.”

बायका हसल्या. गोपीचंदही हसला, पण त्याचं हसणं डोळ्यांपर्यंत जात नाही.

“राहू द्या मंग. माह्यापाशी दुसरी तजवीज हाये.”

आम्ही पदर खोचून परत फिरलो. मला वाटलं, बाहेरगावचे मजूर आणेल. त्याची तजवीज काय निघाली ते ऐकलं तर तुमचंही डोकं फिरेल.

त्याआधी सरव्याचं सांगते. आमच्याकडे कापणी झाली की शेताचा धनी धुऱ्यावर नारळ फोडतो. तिथे जो हजर असेल त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवतो, आणि त्या घटकेपासून बांधी मोकळी. मग खाली पडलेली लोंबी ज्याने उचलली त्याची. तोच सरवा. नारळ फुटायच्या आधी धन्याच्या पोरानेही त्या लोंबीला हात लावायचा नाही, आणि फुटल्यावर धन्यानेही लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही आणि आजवर कोणी मोडलेलंही नाही. सरवा वेचतात ती पोरं. त्या धानाचे मुरमुरे घेतात, फुटाणे घेतात, आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी पाळण्यात बसतात. वर्षभरात त्यांच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच.

यंदा मात्र पोरांनी मुरमुरेही घेतले नाहीत. ते शालूचं काम. शालू म्हणजे गिरजाबाईची नात, सातवीत शिकते. आईबाप नागपूरला बांधकामावर, ती आणि धाकटी गुड्डी आजीपाशी. गेल्या मंडईत आमच्या पोरांची आणि आसगावच्या पोरांची रस्सीखेच होती. दोर दिला होता गोपीचंदने, त्याच्या विहिरीवरचा, कुजका. ऐन रंगात दोर मधूनच तुटला. आमची सगळी पोरं एकावर एक उताणी पडली आणि सगळ्यात खाली गुड्डी. तिचं मनगट मोडलं. आसगावची पोरं पोट धरधरून हसली, आणि दुसऱ्या दिवशी गोपीचंद आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, येऊन म्हणाला, “माह्या दोराची वाट लावली पोट्ट्यायनं.”

मनगटाचं कोणी काही बोललं नाही. शालूने तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी दोर आपला स्वतःचा.

दोर वळण्यात चिंधूबुवाचा हात धरणारा आमच्या भागात नाही. शालूने त्याच्याशी बोली केली की पोतंभर धानाच्या बदल्यात मनगटाएवढा जाड अंबाडीचा दोर. बुवाने बोडीत, लहान तळ्यात, अंबाडी भिजवली, सोलली, आणि अर्धा दोर वळून आढ्याला टांगून ठेवला.

“बाकीचा धान आल्यावर,” तो म्हणाला. “तुमच्यावर इस्वास हाये माहा, पन पोटाचा नाही ना इस्वास.”

लहानसहान बांध्यांचा सरवा वेचून अर्धं पोतं झालं. उरलेलं सगळं गोपीचंदच्या बांधीवर अवलंबून. आणि तो काही नारळ फोडेना. रोज शाळा सुटली की पोरं त्याच्या धुऱ्यावर बगळ्यांसारखी ओळीने बसायची. समोर लोंब्या पडलेल्या दिसताहेत, पण एकाने खाली पाय टाकला नाही. मंडई तर आठवड्यावर आलेली.

अशात एका संध्याकाळी गोपीचंदचा पोरगा कुलदीप आखरावर धावत आला. हा शालूच्याच वर्गात.

“आयका रे! इतवारी आमच्या बांधीत स्पर्धा हाये! बाबूजी ठेवून राहिले. तलावटोला आन आखरटोला, दोन टोळ्या. जे जितन त्याईले नवा दोर! नायलॉनचा! पिवळा!”

आमच्या गावच्या या दोन वस्त्या, शालू-गुड्डी पहिलीतल्या, कुलदीप दुसरीतला. पोरं नाचायलाच लागली. शालू तेवढी म्हणाली, “आन नाही जितलं तं?”

“तं आमी जितू,” कुलदीप म्हणाला. “दोर तं गावातच राहीन ना बे. मंडईत तं सारे मिळूनच ओढतो.”

हे शालूला पटलं. मलाही पटलं. निवडणूक जवळ आली होती, गोपीचंदला पुढारी व्हायचं होतं, आणि पुढारी व्हायचं असलं की माणसाला पोरांचा पान्हा फुटतो. म्हटलं, फुटू दे. त्या निमित्ताने दोर तरी मिळेल.

रविवारी सारं गाव धुऱ्यावर लोटलं. धुऱ्यावरच्या तुरीला बॅनर बांधलेलं, त्यावर हात जोडलेला गोपीचंद. खालीही गोपीचंद, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी. भोंगा लावलेला. ट्रॅक्टरच्या नाकावर तो पिवळा दोर वेटोळं करून ठेवलेला, सगळ्यांना दिसेल असा. ट्रॅक्टरवर माझा नवरा हेमराज, कारण तो गोपीचंदकडेच ड्रायव्हर आहे. मागे रिकामी ट्रॉली. ती ट्रॉली कशाला, हा प्रश्न तेव्हा एकाही शहाण्याला पडला नाही.

“कुलदीप, मोबाईल धर,” गोपीचंद म्हणाला. “बराबर घेजो. नारळ फोडतानी माहं तोंड आलं पाह्यजे.”

त्याने धुऱ्यावरच्या दगडावर नारळ आपटला. पहिल्या दणक्यातच दोन भकलं झाली. पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की तलावावरची बदकं उडाली. मी समजले, खेळाचा आनंद. गोपीचंदने हसत हसत खोबरं वाटलं, कॅमेऱ्याकडे पाहत एकेकाच्या हातावर ठेवलं. गिरजाबाई काठी टेकत आली होती. तिने आपला तुकडा तोंडात टाकला आणि खाली पडलेली एक करवंटी उचलून पदरात बांधली. म्हाताऱ्या बायका काहीही उचलतात म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

शिट्टी वाजली. पहिला खेळ, लोंब्या वेचा. प्रत्येक टोळीला टोपल्या दिल्या, ज्या टोळीच्या टोपल्या आधी भरतील तिला गुण. काय सांगू, पोरं तुटून पडली! पाय रुततोय, उपसून काढतायत, पडतायत, उठतायत. तोंडं अशी माखली की आई ओळखणार नाही. मी धुऱ्यावरून ओरडत होते, “गुड्डे, डाव्या अंगाले पाह! तिकडे लय हायेत!” भोंग्यातून गोपीचंद ओरडत होता, “आखरटोला पुढे! तलावटोल्यावाले, जोर लावा! एक बी लोंबी सोडाची नाही, गुण कटते!”

दुसरा खेळ, भारा पळवा. लोळलेलं धान मुळापासून खुडून त्याचे लहान भारे बांधायचे आणि एकाने दुसऱ्याच्या, दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती देत धुऱ्यापर्यंत पोचवायचे. तिसरा खेळ, पोतं ओढा. त्याच लोंब्यांनी आणि भाऱ्यांनी भरलेली पोती दोन्ही टोळ्यांनी ओढत न्यायची, आणि कुठे? ट्रॉलीपर्यंत.

त्या तिसऱ्या खेळाला माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बांधीकडे पाहिलं. एक लोंबी उरली नव्हती. ज्या कामाला आम्ही बायकांनी हात लावला नाही, ते काम आमच्याच पोटच्या पोरांनी टाळ्यांच्या तालावर, धावत धावत, फुकटात करून दिलं होतं. वर मी स्वतः त्यांना लोंब्या दाखवत होते! गुड्डीच्या पोटऱ्यांवर धसकटांचे ओरखडे होते आणि त्यातून रक्त येत होतं, तरी ती पोत्याला झोंबत होती. कारण समोर पिवळा दोर दिसत होता.

मी हेमराजला हाक मारली. “अवो, पाहून राहिले का? हा खेळ नोहे. ही रोजी हाये!”

हेमराजने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण.

शेवटची शिट्टी वाजली. पोरं चिखलाचा थर घेऊन धापा टाकत धुऱ्यापाशी बसली. गोपीचंदने भोंगा तोंडाशी धरला.

“दोन्ही टोळ्या एकापेक्षा एक! तलावटोलाही जितला, आखरटोलाही जितला! निकाल हाये, बरोबरी!”

टाळ्या झाल्या. मग शालू उठली. “मंग दोर कोनाले, काका?”

“बरोबरीत बक्षीस नसते, बेटा. तसा नियमच हाये. पन मी कोनाले खाली हात नाही पाठवत. घ्या, सर्व्यायले बिस्कुट!”

“पन कुलदीपनं म्हटलं होतं…”

“जितन त्याले म्हटलं होतं. जितलं कोन?”

कुलदीपचं तोंड उतरलं होतं. मला वाटतं, त्याला हे आधी ठाऊक नव्हतं.

“ठीक हाये,” शालू म्हणाली. आवाज कापत होता, पण रडकुंडीला आल्यामुळे नाही. तो राग मला ओळखता येतो, माझ्या घरचाच आहे. “दोर नका देऊ. आमचा सरवा द्या. आमी चिंधूबुवाले देतो.”

“कायचा सरवा?”

“हे पोते.”

“हे तं माहं धान हाये ना पोरी! तुमी खेळले. खेळात कोनी माल घरी नेते का? क्रिकेट खेळला तं मैदान घरी नेसान का?” आणि तो आपल्याच विनोदावर हसला. त्याच्याभोवतीचे दोघेचौघेही हसले.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोती ट्रॉलीत नीट बसेनात म्हणून त्याने तो पिवळा दोर उचलला, हेमराजकडे फेकला आणि म्हणाला, “कसून बांध रे.” पोरांच्या डोळ्यांसमोर, पोरांनी वेचलेल्या धानावर, पोरांना दाखवलेला दोर. हेमराजने बांधला. ट्रॅक्टर निघून गेला. पोरांच्या हाती दोरही नाही, सरवाही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती बिस्किटाचा पुडा आला.

गुड्डीने तो पुडा चिखलात फेकला. मी शाबासकी दिली.

घरी आल्यावर मी हेमराजला ताट वाढलं नाही.

“त्यात माहं काय चुकलं?” तो म्हणाला. “मालकानं सांगतलं, बांधलं.”

“मालकानं सांगतलं तं लेकरायचा गळा बी बांधसान?”

“काय बी बोलतं. आपल्याले काय करा लागते? उद्या ट्रॅक्टरवरून उतरवलं तं काय खावाचं?”

“बिस्कुट!” मी ओरडले. “लय वाटले आज त्यानं!”

आमचं हे चाललं असताना दारात काठी वाजली. गिरजाबाई. तिने आमच्या भांडणाकडे लक्ष दिलं नाही. भिंतीला टेकून बसली आणि पदराची गाठ सोडून ती करवंटी माझ्यासमोर ठेवली.

“शकुन, हा नारळ कोठी फुटला वो?”

“गोपीचंदच्या धुऱ्यावर. तुमीच तं होत्या, मावशी.”

“कापनी झाल्यावर का आंधी?”

“झाल्यावर. मशीन जाऊन तं किती दिस झाले.”

“कोनं फोडला?”

“त्यानंच.”

“खोबरं वाटलं?”

पोरांनी ती आरोळी कशाला ठोकली होती ते आता कळलं. पोरं खेळ सुरू झाला म्हणून ओरडली नव्हती. बांधी मोकळी झाली म्हणून ओरडली होती. स्वतःचं तोंड मोबाईलमध्ये यावं म्हणून त्या शहाण्याने आपल्या हाताने आपली बांधी साऱ्या गावाला सोडून दिली होती.

हेमराजने करवंटी हातात घेऊन उलटीपालटी केली.

सकाळी आम्ही गोपीचंदच्या अंगणात गेलो. मी, गिरजाबाई आणि आमच्या सगळ्या बायका. मागे पोरांचा घोळका. चिंधूबुवाही आला, त्याला पोत्याची आशा होती. ट्रॉली अंगणातच उभी, पोती अजून उतरवलेली नव्हती, त्यावर तो पिवळा दोर. गोपीचंद दात घासत बाहेर आला. शिट्टी अजून गळ्यात होती, रात्री काढायची विसरला असेल.

“काय वो बायाहो? आता येता का कामाले? काम तं झालं!”

“काम झालं म्हूनच आलो,” गिरजाबाई म्हणाली. “बापू, लेकरायचा सरवा देऊन टाक.”

“मावशी, तुमाले कोनी शिकवलं हे? या शकुनबाईनं?”

“मले शिकवाले तुहा बाप बी नाही येवाचा. त्याले सरवा कसा वेचाचा थे मीनं दाखवलं होतं, तो चड्डी घालत नव्हता तवा.” तिने करवंटी पुढे केली. “हा नारळ कोनाचा हाये?”

गोपीचंदने पाहिलं. आणि त्याला समजलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते, दंतमंजनाचा फेस हनुवटीवर तसाच राहिला.

“थो… थो स्पर्धेचा नारळ होता, मावशी. उद्घाटनाचा.”

“धुऱ्याले काय मालूम उद्घाटन? नारळ फुटला का फुटला. वाटला का वाटला. तुह्या बापानं अशाच दगडावर फोडला, तुह्या आज्यानं फोडला. फोडल्यावर त्याईनं पुन्हा खाली पाह्यलं नाही. तू पह्यला निंघाला वेचून नेनारा. आन वेचलं बी कोनाच्या हातानं? लेकरायच्या!”

“हे कायद्यात नाही बसत!” तो ओरडला. “माही जमीन, माहं धान, सातबारा माह्या नावाचा! मी कोनता नारळ फोडलाच नाही असं म्हटलं तं?”

“फोडला ना, बाबूजी.”

सगळे वळले. कुलदीप दारात उभा होता, हातात बापाचाच मोबाईल. “तुमीच तं म्हटलं होतं, तोंड आलं पाह्यजे म्हून. आलं. रातीच तुमी गावाच्या ग्रुपवर टाकलं.”

गर्दीतून हसण्याची एक लाट गेली. एकाने खिशातून मोबाईल काढला, दुसऱ्याने काढला, आणि अंगणभर भोंग्याचा तो आवाज पुन्हा वाजू लागला. हाताच्या कांकणाला आरसा कशाला! गोपीचंदने कुलदीपवर हात उगारला. मी मध्ये शिरले.

“हात लावून पाह,” मी म्हटलं. “लाव.”

माझ्या डोळ्यांत काय होतं मला माहीत नाही. त्याचा हात खाली आला. पण माणूस हेकट. “कोनी ट्रॉलीले हात लावाचा नाही,” तो म्हणाला. “हेमराज! ट्रॅक्टर चालू कर. पोते खळ्यावर ने.”

आता हेमराज. तो ट्रॅक्टरपाशी उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. किल्ली खिशातून काढली, चढायला पाय उचलला. माझा जीव असा जळला की वाटलं, या माणसाच्या घरात मी पुन्हा चूल पेटवणार नाही. मग त्याने पाय खाली ठेवला, ट्रॉलीच्या मागे गेला आणि दोराची गाठ सोडू लागला. गाठ काल त्यानेच कसून बांधलेली, लवकर सुटेना. दातांनी सोडली. मग ट्रॉलीचा मागचा फाळका पाडला आणि किल्ली गोपीचंदच्या ओट्यावर ठेवली.

“मीच बांधली होती,” तो म्हणाला, “म्हून मीच सोडली.”

एवढंच. पण त्या माणसाच्या तोंडून मी तरी इतकं मोठं भाषण आधी ऐकलं नव्हतं.

शालूने खाली पडलेला पिवळा दोर उचलला. मला वाटलं, आता ही दोरही घेणार, आणि घ्यावाच. तिने त्याचं वेटोळं केलं आणि गोपीचंदच्या हातात दिलं. “हा तुमचा हाये, काका. आमाले नाही पाह्यजे.” मग ती पोरांकडे वळली आणि कालच्या भोंग्यासारखा आवाज काढला. “आयका रे! दुसरी पारी! तलावटोला आन आखरटोला! ट्रॉलीतून आखरावर! जे टोळी शेवटची टोपली काढन थे जितली!”

पोरांना दोनदा सांगावं लागलं नाही. काल पोती ओढत आणली होती, आज तीच पोती फोडून टोपल्या भरून धावू लागली. एक दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, गल्लीभर रांग. बायका पोत्यांची तोंडं सोडून देत होत्या, मीही. म्हातारी माणसं ओट्यांवर येऊन ओरडत होती. “जोर लावा! एक बी दाना सांडाचा नाही, गुण कटते!” हसूही येत होतं आणि रागही जात नव्हता. आखरटोल्याच्या रांगेत सगळ्यात पुढे कुलदीप, बापाच्या ट्रॉलीवर चढून टोपल्या खाली देत होता.

गोपीचंद दोर हातात धरून उभा. करणार काय? पोरांना अडवलं तर साऱ्या गावाचे मोबाईल त्याच्यावर रोखलेले, आणि निवडणूक दारात.

ट्रॉली रिकामी झाली. शेवटची टोपली तलावटोल्याच्या हातून गेली, गुड्डीच्या. कुलदीप खाली उतरला, बापासमोर जाऊन उभा राहिला.

“बाबूजी, शिट्टी मारा ना. खेळ सरला.”

गोपीचंद हलला नाही. तेव्हा कुलदीपने पुढे होऊन ती शिट्टी बापाच्या गळ्यातून काढली आणि जीव खाऊन वाजवली.

“तलावटोला जितला!” तो ओरडला. “आमी हरलो! बरोबरी नाही!”

आखरावर पोरांनी पायांनी तुडवून, काठ्यांनी झोडून धान मोकळं केलं. चिंधूबुवाला त्याचं पोतं भरून मिळालं, आणि त्याने मंडईच्या आदल्या दिवशी दोर पुरा केला. मनगटाएवढा जाड. त्याला अंबाडीचा वास येत होता. गुड्डीने आपलं मोडलेलं आणि जुळलेलं मनगट त्याच्याशी लावून पाहिलं आणि मान हलवली.

हेमराजला गोपीचंदने ट्रॅक्टरवरून उतरवलंच. सध्या तो लाखनीला दुसऱ्याच्या ट्रकवर जातो, आठवड्याने घरी येतो. आला की त्याला आधी ताट वाढते, मग भांडते. राग माझा गेलेला नाही. ज्याने लेकरांचा खेळ चोरला तो आजही गावात पांढरे कपडे घालून फिरतो आणि लोक त्याला रामराम करतात.

मंडईच्या दिवशी रस्सीखेचीचं उद्घाटन करायला त्यालाच बोलावलं होतं. नारळ हातात दिला तर त्याने गर्दीत गिरजाबाई कुठे आहे ते आधी शोधलं, आणि “तुमीच फोडा” म्हणून नारळ आसगावच्या सरपंचाला देऊन टाकला.

मग दोर ताणला. शालू पुढे, कुलदीप तिच्या मागे, दोन्ही टोले मिळून एक. शेवटी गुड्डी, दोर कमरेला गुंडाळून. आसगावची पोरं थोराड. त्यांनी आमच्या पोरांना पहिल्यांदा ओढून नेलं, दुसऱ्यांदाही ओढून नेलं. गुडघे फुटले, तळहात सोलले, टाचांनी जमिनीत नांगरल्यासारख्या रेघा पडल्या. आम्ही हरलो.

मी धावत गेले. गुड्डी धुळीत पालथी पडली होती, दोर अजून सोडला नव्हता. मला वाटलं, पुन्हा काही मोडलं. मी तिला उचलायला वाकले तर तिने तोंडातली माती थुंकली आणि डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं.

“काकी, आमी तुटलो,” ती म्हणाली. “दोर नाही तुटला.”